"आई, मी ढ आहे का?"

आदरणीय बाई,

आमचं गाव तालुक्यापासून अकरा किलोमीटरवर. तीन एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. आमचे हे दुधाच्या गाडीवर असतात. मुलगी झेडपीच्या शाळेत पाचवीला आहे. गेल्या वर्षी गुरुजी म्हणाले, हिला नवोदयच्या परीक्षेला बसवा, सहावीपासून राहून शिकायची सरकारी शाळा आहे ती. फॉर्म भरला. नणंदेच्या मुलाचं जुनं गाइड होतं, त्यावर तिनं तयारी केली. दिवाळीनंतर गुरुजींनी महिनाभर जादा तास घेतले.

माझे मोठे दीर तालुक्याला राहतात. त्यांचा मुलगाही यंदा पाचवीलाच. तिसरीपासून त्याचं नाव आमच्या शाळेच्या पटावर आहे, पण वर्गात तो चार-दोन वेळाच दिसला असेल. दोन वर्षं तो नवोदयची तयारी करून घेणाऱ्या निवासी अकॅडमीत होता. वर्षाला ६५ हजार भरले, हे जाऊबाईंनीच सांगितलं. निकाल लागला. त्याचं नाव आलं, हिचं नाही. स्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला आणि त्यावर आमच्या शाळेचं नाव. ते पेढे घेऊन आले तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसले.

त्या रात्री मुलीनं विचारलं, "आई, मी ढ आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

सासूबाई म्हणतात, बरंच झालं, पोरीच्या जातीला कशाला हॉस्टेल. हे म्हणतात, नववीला परत परीक्षा असते, एक म्हैस विकू पण हिला आत्तापासून अकॅडमीत टाकू. माझा भाऊ म्हणतो, तक्रार करा, त्याचा प्रवेश रद्द झाला की हिचा नंबर लागेल. मला काहीच सुचत नाही. दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा एवढी अवघड का ठेवतात, आणि ती नक्की कुणासाठी आहे?

एक वाचक (गावाचं नाव छापू नये)

ताई,

गोठ्यात जाऊन बसलात हे वाचून आधी हसू आलं आणि मग बराच वेळ मी पत्र हातात धरून बसले. तो पेढा माझ्याही घशाखाली उतरला नसता.

मुलीचा प्रश्न आधी घेऊ. म्हैस, तक्रार, सासूबाई हे सगळं नंतर.

"नाही गं, तू हुशारच आहेस" असं सांगून भागणार नाही. आई समजूत काढतेय हे मुलांना पहिल्या शब्दाला कळतं. त्यापेक्षा तिला एक खेळ दाखवा. वर्तमानपत्रातून एक चौकोन कापा. त्याची घडी घाला, मग अजून एक घडी. कोपऱ्याजवळ कात्रीनं छोटं भोक पाडा आणि उघडायच्या आधी तिला विचारा, उघडल्यावर किती भोकं दिसतील आणि कुठं कुठं? पहिल्यांदा ती चुकेल. तुम्हीही चुकाल, मीही चुकले होते. रोज दहा कागद असे फाडा. आठ दिवसांनी ती न उघडता सांगायला लागेल. मग तिला विचारा, "आठ दिवसांपूर्वी तू ढ होतीस का?"

हा खेळ मी मनानं काढलेला नाही, नवोदयच्या पेपरातला आहे. त्या पेपरात ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, निव्वळ आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आकृती पूर्ण करा, आरशात कशी दिसेल, घडी घातलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधा. असे दहा प्रकार आणि प्रत्येक प्रकाराचे चार प्रश्न, हा साचा वर्षानुवर्षं चालत आलाय. उरलेले २० प्रश्न अंकगणिताचे आणि २० भाषेचे. भाषेचे उतारे मराठीतून सोडवता येतात, त्यात आपली मुलं सहसा मार खात नाहीत. अंकगणितात थोडी मेख आहे. शतमान, नफा-तोटा आपल्या बालभारतीत सहावीला भेटतात, इथं पाचवीच्या मुलाला विचारतात.

तुमच्या पुतण्यानं दोन वर्षांत असे किती कागद मनातल्या मनात उघडले असतील याचा अंदाज करा. तुमच्या मुलीला एक महिना मिळाला, तोही जुन्या गाइडवर. हा फरक तिला सरळ सांगा, जरूर सांगा. "तो तुझ्याहून जास्त सराव करून गेला होता" हे खरं आहे आणि पाचवीच्या मुलीला ते पुरतं कळतं. मात्र "त्यानं पैसे भरले म्हणून त्याचं नाव आलं" असं म्हणू नका. त्या पोरानंही दोन वर्षं घर सोडून मान मोडून अभ्यास केलाय. पैसे भरायचं त्याच्या आईबापांनी ठरवलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

अजून एक गोष्ट हळूच विचारून पाहा, दम भरून नको: येत नसलेले प्रश्न तिनं कोरे सोडले होते का? या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोळे भरून टाकायचे, हे क्लासमधल्या पोरांना पाठ असतं. आमच्या शाळेतली मुलं मात्र बाहेर येऊन सांगायची, "बाई, येत नव्हतं म्हणून सोडलं." मी त्यांना रोज बजावत आले होते की न येणारं ठोकून देऊ नये. माझ्या त्या शिकवणीनं किती पोरांचं किती नुकसान झालं असेल, हा विचार निवृत्तीनंतर मला जास्त छळतो.

परीक्षा अशी का ठेवली, तेही सांगते. नवोदय विद्यालयं १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून वाढली. अगदी पहिली दोन त्याच सुमाराला सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. कल्पना अशी की खेड्यातलं चलाख पोर हेरायचं आणि राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं देऊन शिकवायचं. आता खेड्यातली शाळा शहरातल्या शाळेइतकी शिकवत नाही हे ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अर्धे गुण अशा गोष्टींना दिले ज्या कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. पुस्तकी ज्ञान कमी असलं तरी पोराचं डोकं दिसावं, हा हेतू. मला तो आजही चांगला वाटतो.

पण झालं काय? जे कुठल्याच पुस्तकात नाही ते शाळेत फुकट मिळत नाही, म्हणून ते विकत मिळू लागलं. गाइडं आली, क्लास आले, मग निवासी अकॅडमी आल्या. ज्या आकृत्यांनी गरिबाच्या पोराला हात द्यायचा, त्याच सरावानं सगळ्यात लवकर सुधारतात हे धंदेवाल्यांना सरकारच्या आधी कळलं. परीक्षा अवघड वाटते ती यामुळे. प्रश्न तसे फार कठीण नाहीत, पण दोन तासांत ते आधी शेकडो वेळा पाहिलेल्या पोराच्या बरोबरीनं पळायचं असतं. आणि संधी एकच! दहावी पुन्हा देता येते, स्पर्धा परीक्षांना माणसं अनेक वर्षं बसतात, पण सहावीच्या नवोदयला एकदा बसलं की दुसऱ्यांदा बसता येत नाही. एका विद्यालयात सहावीला फार तर ८० जागा, जिल्ह्याला सहसा एकच विद्यालय. त्या ८० बाहेर राहिलेली सगळी पोरं ढ, असा हिशेब कुणी केला तर त्याला सांगा, मी चौतीस वर्षं वर्ग घेतलेत आणि मला तो मान्य नाही.

आता माझं एक जुनं दुखणं. शाळेत मीही जादा तास घ्यायचे. एका वर्षी पाचवीत ३१ मुलं होती. मी सहा निवडली, हुशार म्हणून. बाकीच्यांना व्हरांड्यात शुद्धलेखन लिहायला बसवायचे. त्या सहातलं एकच नवोदयला लागलं आणि माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. पुढं कधीतरी घरोघरी फिरून जनगणनेचं काम करताना लक्षात आलं की सहापैकी पाच मुलांच्या घरी कुणी ना कुणी दहावीच्या पुढं शिकलेलं होतं. व्हरांड्यातल्यांपैकी बहुतेकांच्या घरी कुणीच नव्हतं. अकॅडमीवाला पैसे बघून निवडतो म्हणून मी कुठल्या तोंडानं बोलू? म्हणून तुमच्या पत्रातलं "गुरुजींनी महिनाभर जादा तास घेतले" हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांनी सगळ्यांना बसवलं होतं का, एवढं विचारा.

तक्रारीचं बघू. नियम तुमच्या बाजूचा आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, म्हणजे ८० तल्या ६०. आणि ग्रामीण कोण, तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेला. या तीन इयत्तांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला तरी तो शहरी धरतात. इतका कडक नियम आहे. पण तो कळतो कशावरून? मुख्याध्यापकाच्या दाखल्यावरून. दिरांनी नियम मोडला तो हजेरीपटाच्या वहीत, आणि ती वही शाळेच्या कपाटात आहे.

कपाटाची किल्ली असलेल्या माणसानं हे का चालवून घेतलं असेल, तेही ऐका. शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत पटावरून ठरतं. पट घसरला की एक पद जातं, उरलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसरीकडं होतं. लहान गावातल्या शाळेला पटावरचं एकेक नाव सोन्यासारखं. तालुक्यातला कुणी म्हणतो, माझ्या मुलाचं नाव राहू द्या, तर नाही कोण म्हणेल? हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. कुंपणानं शेत खाल्लं ते खाल्लंच, पण कुंपणाच्या पोटातली भूकही माहीत असावी.

भावाला सांगा, पुतण्याची जागा तुमच्या मुलीला मिळेल हा भ्रम आहे. जागा रिकामी झाली तर ती प्रतीक्षा यादीतून भरतात, आणि तिथंही ग्रामीण-शहरी, प्रवर्ग, मुलींसाठीच्या एक तृतीयांश जागा हे सगळं बघतात. मुलाची जागा कदाचित दुसऱ्याच गावच्या मुलाला जाईल. तेव्हा स्वतःच्या मुलीसाठी म्हणून तक्रार करणार असाल तर करू नका. तत्त्वासाठी करायची असेल तर सहीनिशी करा, विद्यालयाच्या प्राचार्यांकडं किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं. विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. निनावी पत्र मात्र टाकू नका. ते कुणी टाकलं हे घरात चार दिवसांत कळतं आणि पुढची वीस वर्षं दिवाळीला पुरतं.

मी तुमच्या जागी असते तर प्राचार्यांकडं गेले नसते. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गेले असते. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. बऱ्याच गावांत या बायका फक्त सहीपुरत्या असतात, तुम्ही तशी होऊ नका. कुणाचंही नाव न घेता एकच विचारायचं: पटावर किती आणि वर्गात किती? हो, यात पुतण्या सुटतो. मलाही ते खुपतं. पण यंदा तिसरीत अशी किती नावं आहेत, हे तरी बाहेर येईल. त्यांची परीक्षा दोन वर्षांनी आहे आणि त्यांच्या शेजारी बसणारी पोरं तुमच्याच गल्लीतली आहेत.

आणि हा प्रश्न विचारायच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना सांगा. पट खरा झाला तर अतिरिक्त ठरणारा माणूस कदाचित तेच असतील, ज्यांनी तुमच्या मुलीला फॉर्म भरायला लावला. हे तुमच्या पोटात कालवाकालव करणारं आहे, मला माहीत आहे. माझ्याकडं याचं सोपं उत्तर नाही. तरी मी प्रश्न विचारलाच असता, आणि त्यासोबत अशी मागणीही केली असती की दर शनिवारी तिसरीपासूनच्या सगळ्या मुलांना घडीचा कागद आणि आरसा घेऊन बसवा. निवडक सहांना नको, सगळ्यांना. रद्दी आणि कात्री यापलीकडं खर्च नाही.

आता म्हैस. विकू नका. तुमच्या मिस्टरांचा जीव मुलीवर आहे, हे पत्रातून दिसतं आणि सगळ्याच बापांचं तसं नसतं, म्हणून हे त्यांना हळू सांगा. नववीची परीक्षा असते ती फक्त रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी. त्या किती निघतील ते तुमच्या हातात नाही, कधीकधी बोटांवर मोजण्याइतक्या. पेपर गणित, विज्ञान, इंग्रजी आणि हिंदीचा, आठवीच्या पातळीचा, आणि मराठीतून नसतो. म्हणजे त्याची तयारी म्हणजे सहावी ते आठवीची पुस्तकं नीट करणं, त्यातही इंग्रजी. त्यासाठी अकरा वर्षांच्या मुलीला तीन वर्षं कोंडून ठेवायची गरज नाही. दोन म्हशींतली एक गेली तर घरातलं दूधही अर्धं होतं. बाजारच्या हायस्कूलला घालायची असेल तर एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला पास मुलींना मोफत आहे, तो काढा. आठवीत असताना फॉर्म भरायचा तर भरा. भरायला कुणाची ना नाही.

त्याआधी तिला दुसरी एक परीक्षा दिसू द्या, जिचा फ्लेक्स कुणी लावत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा असते. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न: एक बौद्धिक क्षमतेचा, एक सातवी-आठवीच्या गणित, विज्ञान, समाजशास्त्राचा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि मूल सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत लागतं. नवोदयच्या मुलांना ती शिष्यवृत्ती नाही. म्हणजे ही रांग खऱ्या अर्थानं तुमच्या मुलीसारख्यांची आहे आणि तिथं तिचे घडीचे कागद वाया जाणार नाहीत. सातवीला ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. ऐनवेळी सेतूत सर्व्हर बंद असतो, हे मी वेगळं सांगायला नको.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या बोलण्यात पोर नजरेआड जाईल ही भीती असेल, किंवा नुसती जुनी खोड असेल. तुम्ही मात्र "बरंच झालं" हे मुलीच्या कानावर पडू देऊ नका. निकालाहून ते तिच्या जास्त लक्षात राहील.

उरला पुतण्या. आता तो पत्र्याची पेटी घेऊन विद्यालयात जाईल. पुढं नववीत त्याचा नंबर लागला तर एक वर्ष परराज्यातल्या नवोदयमध्येही काढेल, तिथं तीस टक्के मुलांची अशी अदलाबदल करतात. दहा वर्षांचं पोर दोन वर्षं आधीच घराबाहेर राहून आलंय. तो निघायच्या आधी एक दिवस त्याला तुमच्याकडं जेवायला बोलवा. पेढा तेव्हा नाही खाल्लात, आता खरवस करा. जेवण झालं की दोघा भावंडांना रद्दी आणि कात्री देऊन ओट्यावर बसवा, आणि कोण आधी सांगतं ते मला कळवा.